आईचं वय लिहायचं राहिलं

३ फेब्रुवारी

डोरीननं आज ही वही दिली. म्हणाली, "रोडा, मार्चमध्ये ऑपरेशनवाले येतायत. कोण आलं, काय अडलं, सगळं लिहून ठेव." डोरीन आमची मोठी नर्स. वीस वर्षं झाली इथे येऊन, तरी बाईला बर्फावर धड चालता येत नाही.

वही चांगली जाडजूड आहे. दवाखान्याचं लिहून एवढी पानं कुठली भरतायत! पुढून दवाखान्याचं लिहीन, मागून माझं. हे मागचं पान. कुणी वाचायचं नाही, नवऱ्यानंही नाही. मार्कुसी, तू वाचत असशील तर वही खाली ठेव आणि जाऊन जाळी दुरुस्त कर.

तर बातमी अशी. आमच्या सिउरालिकच्या दवाखान्यात ऑपरेशनची खोली आहे, वरती तो मोठा दिवाही आहे. पण नऊ वर्षांत तिथे कुणाचं साधं नख कापलेलं नाही. नाताळचं सामान आणि मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायला ती खोली वापरतात. कुणाला काही झालं की विमानात घालायचं आणि दक्षिणेला पाठवायचं. बत्तीस वर्षं मी इथे दुभाषी आहे. प्रत्येकाला विमानापर्यंत सोडते, सांगते, "जा, काही होत नाही, चार दिवसांत परत येशील," आणि घरी येऊन चहा पिते.

मी स्वतः कधी गेले नाही. मला कधी काही झालंच नाही. दाढ दुखली तेव्हा मार्कुसीनं पकडीनं उपटली.

आता डॉक्टरच इकडे येणार, चार दिवस. मला इतकं बरं वाटलं की डोरीनला मिठी मारली. ती घाबरलीच.

५ फेब्रुवारी

यादीत पहिलं नाव उविलुकचं. दुसरं कुणाचं असणार?

नोव्हेंबरात तिचा हर्निया अडकला होता. जांघेत अंड्याएवढी गाठ, टणक, आणि चार तास पोर किंचाळत होती. बाहेर वादळ, विमान येणं शक्यच नव्हतं. डोरीननं झोपेचं औषध देऊन, हळूहळू दाबून ती गाठ आत सारली. नंतर मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "या वेळी नशीब. परत अडकला आणि विमान नसलं, तर आतडं सडेल. ऑपरेशन झालंच पाहिजे." तेव्हापासून वारा सुटला की मी उठून तिच्या घराचा दिवा बघून येते.

उविलुक म्हणजे माझी आई.

मी सहा वर्षांची होते तेव्हा क्षय तपासणारं पांढरं जहाज आलं. सगळ्यांना वर नेऊन छातीचे फोटो काढले. आईच्या फोटोत काहीतरी निघालं, तर तिला परत किनाऱ्यावर उतरूच दिलं नाही. दादा आणि मी वाळूत उभे होतो. ती कठड्याला धरून आम्हाला काहीतरी ओरडून सांगत होती, पण इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही. ती परत आली नाही. दादा म्हणायचा, "कामिक नीट वाळत घाला, असं म्हणाली असेल." बुटांचं? जाताना कुणी बुटांचं बोलतं? यावरून आम्ही साठी उलटेपर्यंत भांडायचो. आता दादाही नाही.

दादाच्या मुलीला, सीआसीला, पाच वर्षांपूर्वी मुलगी झाली. तीन दिवस रडत होती, दूध घेईना. मग आईचं नाव ठेवलं, उविलुक, तशी गप्प झाली आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मी ओळखलं. तीच ती. तेव्हापासून मी तिला आई म्हणते आणि ती मला पोरी म्हणते. सीआसीला मात्र तिला रागवता येत नाही. स्वतःच्या आजीला कसं रागवणार? सगळी तक्रार माझ्याकडे येते. "आत्या, तुझ्या आईला सांग ना, बिस्किटांचा डबा खाली ठेव म्हणावं."

८ फेब्रुवारी

डोरीन दोन आठवडे रजेवर गेली. फॉर्म मीच भरले. अकरा जण. प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, काय होतंय, जवळची व्यक्ती कोण, नातं काय, तिचं वय किती. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळेच म्हणतात.

उविलुकच्या फॉर्मवर लिहिलं: हर्निया, जांघेतला. जवळची व्यक्ती: रोडा. नातं: मुलगी. वय: ६४. सीआसीला आठवा महिना लागेल मार्चमध्ये, नवरा खाणीवर. तिला कशाला त्रास? मी आहे ना. जन्मतारीख तेवढी राहिली. जन्माचा कागद सीआसीकडे, सीआसी दुकानात गल्ल्यावर, आणि फॅक्सची वेळ टळत होती. हवी असेल तर विचारतील.

१९ फेब्रुवारी

दक्षिणेतून फोन आला. मुलगी बोलायला गोड होती. म्हणाली, "उविलुक यांची जन्मतारीख नाहीये."

मी म्हटलं, "माझ्याकडे नाही, विचारून सांगते."

"असू द्या. तिकडे बऱ्याच जणांची नसते." समजूतदार वाटली. मग म्हणाली, "त्यांची मुलगी तुम्हीच ना?"

"मीच."

"चालता येतं का त्यांना?"

"चालता? अहो, धावते! धरून दाखवा तुम्ही."

ती हसली. "वा! दात स्वतःचेच आहेत?"

"दोन पडलेत पुढचे. बाकी आहेत."

"छानच की. औषधं काही चालू?"

"काही नाही. गोड फार खाते, तेवढं सांगा डॉक्टरांना. माझं ऐकत नाही."

"आईला कोण रागवणार," ती म्हणाली. बघा, दक्षिणेतली असून कळतं तिला. मी मार्कुसीला सांगितलं, आता माणसं सुधारलीत.

२ मार्च

ऑपरेशनची खोली रिकामी केली. नाताळच्या माळा, तीन खुर्च्या, एक मेलेलं रोपटं, आणि कुणाचीतरी कवळी. कवळी मी दाराशी खिळ्याला टांगून ठेवली. संध्याकाळपर्यंत गायब झाली होती. कुणाची ते मला कळलंय, पण सांगणार नाही.

ऊन आता चांगलं पडतं. घरी आले तर उविलुक माझ्या दारात बसली होती. "पोरी, उशीर केलास," म्हणाली. वाळवलेला मासा दिला, तो खात खात मला दिवसभराचा हिशेब विचारला.

१४ मार्च

आले! पाच माणसं आणि एकोणतीस पेट्या. सर्जन बाई आहे, डॉक्टर लिंडक्विस्ट. इतकी उंच की दाराला डोकं आपटलं, आणि तिनं दाराचीच माफी मागितली. म्हाताऱ्या जोआनासीनं तिथल्या तिथे तिचं नाव 'खांब' ठेवलं. भूल देणारा डॉक्टर बेनोआ, बुटका, नाक थंडीनं लालबुंद.

जोआनासीचा हर्निया सात वर्षांचा आहे. दक्षिणेला जायचं नाव काढलं की शिकारीला पळायचा. आता घरापासून दोनशे पावलांवर ऑपरेशन म्हटल्यावर बिचाऱ्याला पळायला जागा उरली नाही. तरी म्हणाला, "आधी बाईचे टाके बघेन." डॉक्टरीणबाईंनी खरोखर कॅरिबूच्या मांसाचा तुकडा मागवून त्यावर टाके घालून दाखवले. जोआनासीनं माझ्याकडे बघितलं. कामिक शिवण्यात माझा हात धरणारं इथे कुणी नाही, म्हणून. मी टाके ओढून पाहिले. "बुटात पाणी शिरेल," मी म्हटलं, "पण तुझ्या पोटाला चालतील." मी हे भाषांतर करून सांगितलं तर डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या.

उद्या सगळ्यांची तपासणी. परवा उविलुकचं पहिलं ऑपरेशन. मी आज काय काय गाणी गुणगुणले कुणास ठाऊक, मार्कुसी म्हणाला, "कुत्री घाबरतील."

१५ मार्च

लिहू का नको असं झालंय. पण लिहिते.

दुपारी डॉक्टर बेनोआ म्हणाले, "रोडाबाई, आता तुमच्या आईंना आणा. हृदयाची पट्टी काढून घेऊ. चाकाची खुर्ची पाठवू का?"

मी म्हटलं, "खुर्ची कशाला? स्वतःच्या पायानं येईल."

शाळेतून घेऊन आले. हनुवटीला जॅम, बूट ओले. स्टुलावर चढून बसली आणि डॉक्टरांकडे बघून मला म्हणाली, "पोरी, ह्याचं नाक बघ!" डॉक्टर तिच्याकडे बघून हसले, आणि मग दाराकडे बघायला लागले. बघतच राहिले. मला वाटलं दार उघडं आहे, त्यांना थंडी वाजतेय. मी दार लावून आले.

"आणि आई?" त्यांनी विचारलं.

"ही काय."

त्यांनी हातातला कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. परत वाचला. मग तो कागद डोरीनपुढे धरला. वर छापलं होतं: उविलुक, स्त्री, वय अंदाजे ८५. डोरीननं खाली माझा फॉर्म बघितला आणि होती तिथेच त्या मोडक्या खुर्चीत बसली. "रोडा," ती म्हणाली, "जन्मतारीख."

मग कळलं. यादीत लहान मूल असेल तरच ते लहान मुलांना भूल द्यायचं सामान आणतात. बारीक नळ्या, छोटे मुखवटे, सगळं वेगळं. यादीत मूल नव्हतं. एक म्हातारी होती, धावणारी. एकोणतीस पेट्यांत एक बारीक नळी नाही.

मी म्हटलं, "मोठी नळी जरा कमी घाला."

डॉक्टर बेनोआ माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. मऊ आवाजात म्हणाले, "नाही जमणार बाई. जिवाचा प्रश्न आहे. मी हे करणार नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढची फेरी आठ महिन्यांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ महिने थांबता येणार नाही. पुढच्या आठवड्याच्या विमानानं उविलुकला दक्षिणेला पाठवायचं.

आईला. दक्षिणेला. आणि पाठवणारी मी.

१६ मार्च

सीआसी दुकानात सगळ्यांसमोर ओरडत होती. "त्या दक्षिणेतल्या लोकांना साधा कागद वाचता येत नाही! पाच वर्षांची पोर आणि पंच्याऐंशी लिहितात! झोपा काढतात का ऑफिसात?" सगळे माना डोलवत होते.

मीही म्हटलं, "हो ना."

म्हटलं, आणि पिठाची पिशवी घेऊन बाहेर पडले. घरी आल्यावर बघते तर पिशवी साखरेची. त्या फोनवरच्या गोड मुलीची मला आठवण येतेय. तिचं काय चुकलं? मी सांगितलं तेच तिनं लिहिलं.

मार्कुसीनं विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "तुझं काही नाही असतं तेव्हा तू बोलत असतेस."

१७ मार्च

जोआनासीचं झालं. झकास झालं. शुद्धीवर आला तो पहिलं वाक्य: "अजून सुरू नाही केलं?" आज एकूण पाच ऑपरेशनं. मी मधे उभी राहून प्रत्येकाला सांगत होते, घाबरू नकोस, मी इथेच आहे. सगळे माझ्यावर विश्वास ठेवतात. मला तोंड वर करवेना.

शेवटी काम संपल्यावर सरळ सीआसीच्या घरी गेले. ती सीलचं कातडं तासत होती, एवढं मोठं पोट सांभाळून. उविलुक तिथेच बोटांत दोरी अडकवून आकार करत बसली होती.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "फॉर्म मी भरला. जन्मतारीख मी लिहिली नाही. आणि नातं लिहिलं मुलगी, वय चौसष्ट. त्यांनी वाचलं ते बरोबर वाचलं. चूक माझी. काल दुकानात मी हो ना म्हटलं, ते खोटं."

सीआसीनं तासणी खाली ठेवली. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढणार. कातडं गुंडाळून बाजूला सारलं. मग म्हणाली, "आत्या, नातं दुसरं काय लिहिणार होतीस?"

"तुझं नाव लिहायला हवं होतं. तू तिची..." माझं वाक्य पुरं होईना. सीआसी तिची आई, ती माझी आई, आणि सीआसीच तिची नात. बत्तीस वर्षांची दुभाषी, आणि मला शब्द सापडेना.

"मी चिडलेय," सीआसी म्हणाली. "खूप चिडलेय तुझ्यावर. उद्यापर्यंत चिडलेली असेन. पण खोटं तू फॉर्मवर नाही लिहिलंस." मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "डोरीन म्हणते या पोटानं मला विमानात घेणार नाहीत. तिच्याबरोबर एकच माणूस जाऊ शकतं. कोण जाणार, आत्या?"

मी भिंतीकडे बघत होते. मी म्हणणार होते की शाळेतल्या बाईंना विचारू, त्या जातच असतात. जिभेवर आलं होतं.

उविलुक दोरीतून वर न बघता म्हणाली, "मी जाईन. माझ्या पोरीला घेऊन जाईन. ती कधी विमानात बसली नाहीये."

१८ मार्च

ऑपरेशनवाले गेले. दहा जणांचं नीट पार पडलं. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "फॉर्म आमचाच वाईट आहे, रोडाबाई. वय वरती, मोठ्या चौकटीत हवं. मी बदलून घेते." मी त्यांना माझ्या हातचे हातमोजे दिले. त्यांनी टाके ओढून पाहिले. "पाणी नाही शिरणार," म्हणाल्या, आणि परत दाराला डोकं आपटलं.

सीआसी अजून चिडलेली आहे. पण माझ्यासाठी वाळवलेलं कॅरिबू बांधून दिलं. "तिकडे तू काही खाणार नाहीस, मला माहितेय."

२३ मार्च

विमानात बसून लिहितेय. अक्षर हलतंय ते विमानामुळे.

सगळं गाव आलं होतं सोडायला. बत्तीस वर्षं मी त्या कुंपणाच्या अलीकडे उभी राहिले, आज पलीकडे गेले. जोआनासी काठी टेकत आला आणि मला म्हणाला, "जा, काही होत नाही, चार दिवसांत परत येशील." अगदी माझ्याच आवाजात. सगळे हसले. मीही हसले, आणि कुंपणाला धरूनच उभी राहिले. मार्कुसीनं मला थांबवलं. माझ्या टोपीची दोरी बांधली. मला बांधता येत नाही की काय!

उविलुक घाबरली असणार, म्हणून विमान सुटताना मी तिचा हात घट्ट धरला. इतका घट्ट की ती म्हणाली, "पोरी, माझी बोटं." मग दुसरा हात दिला. पोरीला आधार हवा असतो अशा वेळी. मला एक गाणंही म्हणून दाखवलं तिनं, शाळेतलं. मी डोळे मिटून ऐकलं, म्हणजे तिला वाईट वाटायला नको.

सँडविच दिलं. मला भूक नव्हती. माझंही तिनंच खाल्लं.

२४ मार्च

इथे झाडं आहेत. एवढी माणसं आहेत आणि कुणी कुणाला ओळखत नाही. हॉस्पिटलात सरकतं दार आहे, ते आपल्यासाठी उघडतं. उविलुक त्यातून अकरा वेळा आतबाहेर गेली. अकराव्या वेळी पहारेकरी तिच्याबरोबर गेला.

एक नर्स आली, फॉर्म घेऊन. मी आधीच सांगितलं, "जन्मतारीख सहा मे. पाच वर्षांची आहे. वजन एकोणीस किलो. समोरचे दोन दात पडलेत. लहान नळ्या आहेत ना तुमच्याकडे?" ती म्हणाली, "आमच्याकडे सगळ्या लहानच आहेत, हे मुलांचं हॉस्पिटल आहे." माझ्या जिवात जीव आला. मग तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

मी थांबले. आता काय सांगू? परत घोळ झाला तर?

"ती माझी पोर आहे," उविलुक आमच्या भाषेत म्हणाली. नर्सनं माझ्याकडे बघितलं, काय म्हणतेय? मी नर्सला म्हटलं, "मी तिच्या आजोबांची बहीण. आणि तिची मुलगी. दोन्ही लिहा. पण वय तिचं पाचच." नर्सनं दोन्ही लिहिलं. एकही प्रश्न विचारला नाही.

आई तेव्हा इथेच कुठेतरी होती. याच शहरात. कुठल्या इमारतीत, मला माहीत नाही. मी खिडकीतून सगळ्या इमारती बघितल्या. मला वाटायचं हे शहर बघितलं तर मी मरेन. तसं काही झालं नाही. घरं आहेत, खिडक्या आहेत.

सीआसीनं दिलेलं कॅरिबू पिशवीतच आहे. अजून सोडलेलं नाही.

२५ मार्च

सकाळपासून उविलुकला काही खायला द्यायचं नव्हतं. तिनं सगळ्या मजल्याला ऐकवलं की या लोकांना पाहुण्याला काही विचारायची रीत नाही. मला म्हणाली, "तू तरी खा." मी म्हटलं, "तू खाशील तेव्हा." "कालपण नाही खाल्लंस," ती म्हणाली. मला वाटलं होतं तिचं लक्ष नाही.

मग दोघं जण चाकांची खाट घेऊन आले. लांबलचक पांढरी वाट होती. शेवटी दुहेरी दार. तिथे त्यांनी मला थांबवलं. "इथून पुढे तुम्हाला येता येणार नाही."

हे मला माहीत होतं. मी कितीतरी जणांना हेच सांगितलंय. तरी मी खाटेचा दांडा सोडेना. त्यातल्या एकानं माझी बोटं हळूच सोडवली. ओढून नाही, हळूच. खाट पुढे गेली. पांढरं सगळं. कठडा. कठड्याला धरलेला तिचा हात. मी सहा वर्षांची होऊन वाळूत उभी होते.

दार उघडलं, आणि तिनं मान उचलून मागे बघितलं आणि ओरडली:

"पोरी! जेवून घे! मी येते!"

तिथे इंजिन नव्हतं. काहीच आवाज नव्हता. एकेक शब्द ऐकू आला.

दार मिटलं. शेजारची नर्स म्हणाली, "काय म्हणाली ती?" माझं कामच ते. कुणी काय म्हणालं ते दुसऱ्याला सांगायचं. पण मला तोंड उघडता येईना. मी भिंतीला धरून रडले, चांगली मोठ्यानं रडले, एवढी म्हातारी बाई. नर्सनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी सांगितलं, "जेवून घे, म्हणाली."

"मग चला," नर्स म्हणाली.

खाली जेवायची जागा आहे. उकडलेले बटाटे, वाटाणे, मासा. मासा जुना होता, आमच्याकडे कुत्र्यापुढेही ठेवला नसता. सगळं ताट संपवलं. मग पिशवीतलं कॅरिबूही खाल्लं. मग पाव.

दीड तासानं बोलावलं. सगळं नीट झालं होतं. ती डोळे मिटून पडली होती, ओठ कोरडे. मी खुर्ची ओढून बसले. खूप वेळानं एक डोळा उघडला.

"जेवलीस?"

"जेवले."

"काय?"

मी सांगितलं. मासा वाईट होता हेही सांगितलं. तिनं डोळा मिटला. "मग जाऊ घरी," म्हणाली आणि परत झोपली.

दादा, कामिकचं काही नव्हतं. मी म्हणत होते ना तुला.

३० मार्च

वाऱ्यामुळे विमान दोन दिवस उशिरा निघालं. खिडकीतून आमची खाडी दिसली तेव्हा मी उविलुकला उठवलं. "आई, आलं बघ." तिनं बघितलं आणि म्हणाली, "माहितेय मला."

विमानातून आधी ती उतरली, तिच्या मागे मी. टाका दुखतो म्हणून ती हळू चालत होती, आणि मीही. सगळे कुंपणापाशी उभे होते. सीआसी रडतही होती आणि मला रागवतही होती, फोन का नाही केलास म्हणून. मार्कुसीनं थर्मासात चहा आणला होता.

जोआनासी काठी टेकत पुढे आला. आईला नेलं त्या दिवशी तोही किनाऱ्यावर होता, आठ वर्षांचा. आता हसत नव्हता. त्यानं उविलुककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय गं रोडा," तो म्हणाला, "आणलीस आईला परत?"

अठ्ठावन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"आणली," मी म्हटलं.

"मी आणलं हिला," उविलुक म्हणाली. "विमानात रडत होती. चला आता, मला भूक लागलीय."